एकोणिसाचा पाढा

बेचा पाढा पुरायचा नाही.
बे दाहे वीस होईपर्यंत
बाबांचा शर्ट खुंटीलाही लागलेला नसायचा.

म्हणून मी निरूला सातचा शिकवला
तो पहिलीत असताना.
कोपरखैरणे, सेक्टर पाच, सिडकोची खोली,
ओटा आणि पलंग यांच्यामध्ये एक पडदा,
पडद्याच्या अलीकडे आम्ही दोघं
पाठ कपाटाला लावून.
मोठ्यानं म्हण, मी सांगायचे.
अजून मोठ्यानं.
सात चोक अठ्ठावीस.
पलीकडे स्टीलचं काहीतरी घरंगळत जायचं
आणि बराच वेळ स्वतःभोवती फिरत राहायचं.
सात पंचे पस्तीस, निरू, माझ्याकडे बघ.

सकाळी लोखंडेकाकू नळावर म्हणायच्या,
पोरं अभ्यासू हो तुमची,
रात्री अकरालासुद्धा पाढे!
आई हसायची ओठ न उघडता.
ओठ का न उघडता, ते काकूंना ठाऊक असणार.
भिंत चार इंचांची होती.

बाबा सोसायटीचे खजिनदार.
गणपतीच्या वर्गणीत एका रुपयाची चूक नाही.
मला त्यांचा हिशोब हेल्मेटवरून कळायचा:
हळूच ठेवलं, तर जेवण होईल.
आदळलं, तर तेराचा.
ठेवलंच नाही, हातातच राहिलं,
तर

त्या वर्षी आम्ही एकोणिसापर्यंत पोचलो.

एकोणीस सक चौदोदरशे.
याच्या पुढे आम्ही कधी गेलो नाही.
तिथवर आलो की पलीकडे शांत व्हायचं
आणि ते जास्त वाईट,
कारण त्या शांततेत कान लावून
आईचा श्वास शोधावा लागायचा.
सापडला की निरू झोपायचा, बसल्याबसल्या,
माझ्या फ्रॉकचं टोक मुठीत धरून.

शाळेत पाढ्यांच्या स्पर्धेत त्याला कंपासपेटी मिळाली.
बाई म्हणाल्या, घरचं वातावरण महत्त्वाचं असतं.

आता त्याचा फ्लॅट घणसोलीत, सातव्या मजल्यावर.
खाली वॉचमन, वर कॅमेरा,
दाराला दोन कड्या आणि एक साखळी.
हॉटेलात तो भिंतीला पाठ लावूनच बसतो.
वहिनीला वाटतं, त्याला पंख्याचा वारा सोसत नाही.
बाबा गावी असतात. रविवारी व्हिडिओ कॉलवर
नातीला पापा देतात,
आणि निरू फोन जरा लांब धरतो, उजेड येत नाही म्हणून.

काल जुईची तोंडी परीक्षा आहे म्हणून मी गेले.
ती जमिनीवर पालथी, पाय हवेत,
मी तिच्याजवळ बसून सुरू केलं,
एकोणीस एके एकोणीस,
एकोणीस दुणे अडतीस,
एकोणीस त्रिक, एकोणीस चोक,
पंचेपर्यंत येताना आवाज केव्हा चढला
मला समजलं नाही.
"आत्या," जुई पेन्सिल चावत म्हणाली,
"मी इथेच आहे ना. ऐकू येतंय."

तेवढ्यात आत वहिनीच्या हातून ताट पडलं.
नुसतं पडलं.
"अगंबाई," म्हणून ती स्वतःशीच हसली,
आणि ताट थोडं फिरून थांबलं.

तोवर निरू दाराशी होता, हात साखळीवर.
मी कुठे होते सांगू?
कपाटाला पाठ लावून, उभी.
दोघांनी एकमेकांकडे पाहिलं
आणि लगेच दुसरीकडे.

जुईनं मानही वर केली नाही.
"नाइन्टीन सेव्हन्स आर वन थर्टी थ्री,"
ती पुटपुटली,
वहीच्या कोपऱ्यात मांजर काढत,
इतक्या हळू
की मला वाकून ऐकावं लागलं.
पाढा असाही म्हणता येतो.
कोणी म्हणालं नव्हतं मला.

निरूनं साखळी काढली, बाहेर पाहिलं,
पुन्हा लावली.
"कुरिअरवाला आला की काय वाटलं," म्हणाला.
मी म्हणाले, हो, मलाही.

तोवर जुईचा पाढा संपला होता.
मांजराची शेपटी राहिली होती फक्त.